सावलीतला मका

पारण्याला तीन तास उरले होते तेव्हा खात्या आला. तक्रार घेऊन आला असता तर त्याला उत्तर द्यायला शहाद्याच्या त्या घरात तीन धडधाकट पुरुष होते. पण तो आला होता पीठ मागायला, आणि मागणाऱ्याला मागच्या ओट्यावर बसवून चहा देण्याचं काम बायकांचं. म्हणून तो घरच्या सुनेच्या, रक्षाच्या वाट्याला आला.

पुढचा रस्ता मांडवाने अडवला होता. धर्मचंद शेठच्या आई अनोखीबाईंनी ब्याऐंशीव्या वर्षी वर्षभर एक दिवस आड उपास केले होते, आणि आज आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, उसाच्या रसाने ते वर्षीतप सुटणार होतं. रस पुरुषोत्तमनगरकडच्या एका मळ्यातून निघाला होता. मांडवाच्या कडेला चाळीस गोण्यांची थप्पी लावलेली, प्रत्येक गोणीवर अनोखीबाईंचा हात जोडलेला फोटो आणि खाली 'बाळआहार'. पारणं झालं की साध्वीजींच्या समोर त्या गोण्या डोंगरात रवाना व्हायच्या होत्या. उजव्या हाताचं दान डाव्याला कळू नये म्हणतात. पण असं म्हणणाऱ्यांच्या काळी मांडववाले आणि फोटोवाले नव्हते.

"वहिनी, ते गोड पीठ आखो थोडं द्या," खात्या म्हणाला. मोलगीच्या वरच्या पाड्यावरचा माणूस. त्याचा बापही मका आणि भुईमूग याच दुकानात आणून घालायचा. "मन्ही नात शे ना, दीपमाला, ती दुसरं काहीच खात नही. मायबाप गुजरातमा मजुरीले. पोर पार गळी गयी. पोट फुगनं, डोया पिवळा पडनात. पीठ खाई त ताकद येई, म्हनीसन उनू."

"डोळे पिवळे? कधीपासून?"

"होळीनंतर. तुम्ही पीठ वाटं ना, त्यानंतर दोन-तीन आठवडामा." त्याने बशीतला चहा फुंकला. "शेजारना दिवाल्याना लहाना पोऱ्या बी तसाच पिवळा पडना. परवा गया तो. साल वाईट शे यंदा. कोंबड्यासले बी मर लागनी. पीठनी पिशवी सांडनी व्हती, पिल्लंस्नी टिपी खादं, दोन दिनमा समदी आडवी."

हे सगळं त्याने एका दमात सांगितलं, पाऊसपाण्याचं सांगावं तसं. एकाचा दुसऱ्याशी संबंध त्याने लावलाच नाही. तो रक्षाने लावला. ती तिथेच उंबऱ्यावर बसली.

धर्मचंद शेठच्या या मोठ्या सुनेने लग्नाआधी धुळ्याच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकून पदवी घेतली होती. ती पदवी आता शालूंच्या घडीखाली होती.

गेल्या अश्विनात परतीचा पाऊस मागच्या गोदामात शिरला आणि मका भिजला. चार दिवसांत त्यावर हिरवीपिवळी लव आली. बाहेरचं जग तिला बुरशी म्हणतं. या घरात तिला फुलण म्हणतात, आणि फुलण म्हणजे जीव, टाचणीच्या टोकावर अनंत. त्यात चातुर्मास चालू. हमालांनी ताडपत्र्या उन्हात पसरल्याही होत्या, तेवढ्यात अनोखीबाई काठी टेकत आल्या. उन्हात टाकायचा नाही, झटकायचा नाही, पायाखाली येऊ द्यायचा नाही. सावलीत बाजूला ठेवा, ते जीव आपल्या मरणाने जाऊ देत. ताडपत्र्या गुंडाळल्या गेल्या. ज्या मक्याला कडक ऊन हवं होतं, त्याला चार महिने थंडगार सावली मिळाली.

माघात मक्यावर नुसती राखाडी धूळ उरली. जीव गेले, म्हणजे माल शुद्ध झाला. पण ज्यावर जीव मेले त्याचा नफा खायचा नाही, ही अनोखीबाईंची दुसरी आज्ञा. म्हणून तो मका दानाला निघाला. सगळं कसं धर्माला धरून चाललं होतं.

तो मका पाखडून, भाजून, डाळं आणि गूळ घालून दळून घेतला तो रक्षाने. भाजल्यावरही त्याला बंद ट्रंकेसारखा कोंदट वास येत होता. तिने मूठभर पीठ नाकाशी धरलं होतं, हे तिला आज स्वच्छ आठवलं. भाजलंय की, आता त्यात काय राहतंय, असं म्हणून तिने वेलची मागवली. आधी अर्धा किलो. वास दबेना म्हणून आणखी अर्धा. बुरशी मेली तरी तिचं विष भाजून जात नाही, हे वाक्य तिने एकदा परीक्षेत लिहिलं होतं आणि त्याचे गुणही घेतले होते.

तिने पाड्यावरच्या अंगणवाडीताईला, रविनाला फोन लावला. रविना म्हणाली, तिन्ही पाडे मिळून अकरा लेकरं पिवळी पडलीत, सगळी लाल श्रेणीतलीच, म्हणजे अतिकुपोषित. दोघांना मोलगीच्या दवाखान्यात ठेवलंय. डॉक्टर काविळीची साथ म्हणतात, विहिरींचं पाणी तपासायला पाठवलंय. "तुमच्या पिठाचा फार आधार आहे बघा मॅडम," असंही ती म्हणाली.

*

धर्मचंद शेठ वाईट माणूस नव्हता. त्याला चारचौघांची भीती होती, एवढंच. मागच्या खोलीत दार लावून सुनेने जे सांगितलं ते त्याने उभ्यानेच ऐकलं. नवा फेटा डोक्याला घट्ट बसत होता. बाहेर पाहुण्यांच्या गाड्या लागत होत्या, अमळनेर, दोंडाईचा, पार सुरतपर्यंतच्या.

घरातली मारवाडी तीन पिढ्यांत अहिराणीत विरघळून गेली होती. आता भांडणंसुद्धा अहिराणीतच होत.

"त्या चाळीस गोन्या जावू देऊ नका, बापूजी," रक्षा म्हणाली. "नि डोंगरमा जे गयं ते आजच परत आननं पडी. आज संध्याकाळले साठ घरसमा ते शिजी."

"तुले खात्री शे?"

"पिल्लं मरनात. लेकरू गयं. आखो कसानी खात्री पाहिजे?"

"वा," रिषभ म्हणाला. रक्षाचा नवरा, दुकान आता तोच सांभाळत होता. "डिगरी बरी आजच आठवनी. पाचशे लोके दारमा उभा शेतस आनि ही घरले विषारी ठरवी ऱ्हायनी. डोंगरमा लेकरं दरसाल मरतस, बापूजी. पीठ नव्हतं तव्हय बी मरेत."

धर्मचंदला हे वाक्य आवडलं नाही, पण त्यात सुटकेची वाट दिसली. त्याने धाकट्याकडे पाहिलं. नमन गाड्यांचा धंदा करायचा आणि घरातल्या वादात सहसा मोठ्या भावाच्या मागे उभा राहायचा. आता तो खिडकीतून बाहेर बघत होता.

"नमन, तू काय म्हनस?"

"मी काय म्हनू." तो जरा थांबला. "भाऊ, पौष महिनामा आपन त्या मकाना नमुना लई गयथूत ना, कोंबडीखाद्यवालाकडे. ते सांग बापूजीले."

रिषभने धाकट्याकडे रोखून पाहिलं.

"कोन कोंबडीखाद्यवाला?" धर्मचंदने विचारलं. "तो मका त इकाना नव्हता. मन्ही मायनी आन दिन्ही व्हती."

"नुसता भाव पाहाले," रिषभ म्हणाला. "भाव जमना नही."

"भावनी गोट निघनीच नही," नमन म्हणाला. बोलायला लागल्यावर त्याला थांबता येईना. "त्यानी मशीनमा दाना टाकात नि म्हने, हाऊ माल उचला आठून. हाऊ कोंबड्यासले बी चालावू नही. भाऊ वाटमा माले म्हने, घरमा बोलू नको. मी नही बोलनू. मन्हं बी चुकनं."

धर्मचंद मोठ्या मुलाकडे बघत राहिला. या मुलाच्या हुशारीचे गोडवे त्याने आजवर किती पाहुण्यांपुढे गायले होते.

"तुले ठाऊक व्हतं," तो म्हणाला.

"माले विष ठाऊक नव्हतं. माल हलका शे एवढंच ठाऊक व्हतं. फुकट देवाना माल, त्याले कोन खोड काढस?" रिषभचा आवाज चढला. "आन पाखडीसन, भाजीसन हिनीच दिधं ना? हिले काहीच कसं समजनं नही?"

रक्षाने मान खाली घातली. नवऱ्याला मारायला तिच्या हातात आयता दगड आला होता, आणि स्वतःची वेलची तिने पदराखाली धरली होती. तिला स्वतःची लाज वाटली, तरी बोलली नाही.

धर्मचंदने शेवटी न्याय केला, झाकली मूठ सव्वा लाखाची या जुन्या कलमाने. "अकराले साध्वीजीसना मंगलिक पाठ शे. बाईले रस पिवू द्या. बाराले नमननी जीप सोडू. गोन्या तठेच ऱ्हातीन, लोकेसले सांगू गाडी उनी नही. आन पाड्यावर सांगानं, वजनमा फरक निंघना, बदलीसन देतस. दवाखानाना खर्च आपन करू. पन आज कोनी तोंड उघडानं नही."

"आन डॉक्टर?" रक्षा म्हणाली. "ते पानी तपासी ऱ्हायनात. त्यासले कोन सांगी?"

"उद्या देखू."

"उद्यापर्यंत आखो एक जाई."

"वहू," धर्मचंद हळू आवाजात म्हणाला, "मन्ही मायनी एक वरीस पोट मारं शे. तिना आजना दिन मी नासाडू का?"

तेवढ्यात दार उघडलं. दाराला कडी लावलेली नव्हती. या घरात दार लोटलं की लागलं असंच समजत. अनोखीबाई उभ्या होत्या, केशरी लुगड्यात, एका हाताने चौकट धरून. त्यांच्या मागे खात्या, हातात रिकामी पिशवी.

*

अनोखीबाई मागे गेल्या होत्या त्या खात्याला पाणी द्यायला. आलेल्याला त्या स्वतः पाणी देत, तपाच्या वर्षात तर आवर्जून. त्याने त्यांनाही तेच सांगितलं, नात, दिवाल्याचा लहाना, पिल्लं. मग त्या दाराशी आल्या आणि आतलं निम्मं ऐकलं.

"कोनता मका?" त्यांनी विचारलं. "मी सावलीमा ठेवाले सांगा तो?"

धर्मचंदने नजर खाली वळवली. म्हणजे उत्तर मिळालं.

त्यांना ती ताडपत्री आठवली. हमाल कुरकुरत होता, आजी, दोन दिवस ऊन लागू द्या. त्यांनी त्याला सांगितलं होतं, तुझ्या दोन दिवसांसाठी मी अनंत जीवांचं पाप घेऊ का? केवढ्या समाधानाने त्या रात्री त्या सामायिकाच्या ध्यानाला बसल्या होत्या.

त्या खाटेवर बसल्या. "मी आज पारणं करत नही," त्या म्हणाल्या. "आखो एक वरीस उपास करसू."

धर्मचंदचा चेहरा उतरला; पण कुठेतरी त्याचा जीव भांड्यातही पडला. उपास सगळ्यांना कळतो. जैन संघ म्हणेल, केवढा त्याग. उपास का, याला शंभर उत्तरं देता येतील आणि खरं एकही द्यावं लागणार नाही.

खात्याला या बोलण्यातलं निम्मंच समजलं होतं. पण म्हातारी जेवायचं नाही म्हणते, एवढं समजलं, आणि ते त्याला पटलं नाही.

"आजी, तू रस पी," तो दारातून म्हणाला. "तू उपाशी ऱ्हायनी त मन्ही पोरना पोटमा काय पडी?"

त्याने ते रागाने म्हटलं नव्हतं. अनोखीबाईंनी त्याच्या हातातल्या रिकाम्या पिशवीकडे पाहिलं. वर्षभर त्यांनी भूक ओळखली असं त्यांना वाटत होतं. पण त्यांच्या प्रत्येक उपासाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सुना ताट मांडून उभ्या असत. दीपमालाच्या उपासाला दुसरा दिवस कोणी ठरवून दिलेला नव्हता.

"रक्षा," त्या म्हणाल्या, "हात दे."

साध्वीजी आल्या, मंगलिक झालं. चांदीच्या एकशे आठ कुल्हड्या रसाने भरून ठेवल्या होत्या. धर्मचंदने पहिली उचलली तेव्हा अनोखीबाईंनी हात आडवा केला आणि निवेदकाकडून माईक मागितला. लोकांना वाटलं, आशीर्वाद देणार. काहींनी मोबाइल वर धरले.

"ह्या गोन्या डोंगरमा जावानी नहीत," त्या म्हणाल्या. दमामुळे शब्द तुटत होते. "ह्या पीठमा जहर शे. कोंबडीवालानी नाकारेल मका, आम्ही लेकरंसले दिधा. एक लेकरू गयं. मका भिजना तव्हय मी त्याले ऊन लागू दिधं नही. फुलणना जीव वाचाडा मी. लेकरं मन्हा ध्यानमा बी नव्हतीत." त्यांनी श्वास घेतला. "मोलगीना डॉक्टरले आत्ते फोन करा. विहीर नही, पीठ देखा म्हना. मन्हं नाव सांगा."

मग त्यांनी रस मागितला. धर्मचंदने कुल्हडी धरली, पण निम्मा रस केशरी लुगड्यावर सांडला. आतापर्यंत अशा क्षणी जयजयकार व्हायचा. आज मांडवात फक्त पंख्यांचा आवाज होता. एकेक करून मोबाइल खाली आले. पुढच्या रांगेतल्या व्याह्यांनी बुटात पाय घातले.

रिषभ मांडवाच्या मागच्या बाजूने निघून गेला. नमनने जीप काढली.

*

खात्याच्या बायकोने, भुरीबाईने त्यांना खालच्या वळणावरच पाहिलं. जीप वडापर्यंतच येते, तिथून अर्धा तास चढण. पुढे खात्या, मागे शेठच्या घरची बाई, चांगली भारी साडी खोचून घेतलेली, आणि एक माणूस. खात्या पीठ मागायला गेला होता आणि घरधनीणच पीठ घेऊन आली, असं भुरीबाईला वाटलं. तिला फार बरं वाटलं. किती दिवसांनी काहीतरी बरं घडत होतं.

पाहुण्याला कोरड्या तोंडाने पाठवायचं नाही. डब्याच्या तळाशी दोन मुठी पीठ होतं, संध्याकाळी दीपमालाला द्यायचं म्हणून ठेवलेलं. नवं तर येतंच आहे. तिने ते पाण्यात कालवून चुलीवर ठेवलं आणि ढवळत बसली. कुडाच्या खोलीत तो गोड वास भरला.

बाई आत आली आणि दारातच थबकली.

"बस, बाई," भुरीबाई म्हणाली. बाजारात शिकलेली अहिराणी ती सावकाश जोडत होती. पितळीत लापशी ओतून तिने पुढे सरकवली. "तुम्हनंच शे. खा."

बाईने पितळी घेतली. खाल्लं नाही. कोपऱ्यात गोधडीवर दीपमाला पडली होती, तिच्याकडे ती बघत होती. तीन वर्षांची पोर, हातपाय काटक्या आणि पोट तेवढं वर आलेलं.

"पोरले दिधं का आज हाई?"

"दिधं. सकायले दिधं, दुपारले दिधं. दोन-तीन घास खादात." भुरीबाईच्या आवाजात थोडा अभिमान होता. "दुसरं काहीच तोंडमा लेत नही, बाई. भाकर थुकस. दवाखानानी गोई थुकस. पन ह्याना वास येस नि तोंड उघडस. काय टाकतस यामा, आम्हले समजत नही. जी टाकस तिले सांगजो, तुले पुन्य लागी म्हना."

बाईने पितळी जमिनीवर ठेवली.

खात्या खाली बसला आणि आपल्या भाषेत बायकोला सांगू लागला. पिठाचं, मक्याचं, पिल्लांचं. वाटेत जीपमध्ये ते त्याला दोनदा सांगावं लागलं होतं. भुरीबाईने ऐकलं. तिने पितळीकडे पाहिलं, मग चुलीकडे, मग नातीकडे. तिला ते खरं वाटेना. वाईट पदार्थाला वाईट वास येतो, हे तर गुराढोरांनाही कळतं.

"मंग तो वास कसाना?" तिने बाईला विचारलं. "इतका गोड?"

नमन दारात उभा होता. बाईने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"वेलची," ती म्हणाली. "मी टाकेल व्हती. पीठले खराब वास येत व्हता. तो दबाडाकरता टाकी मी."

एवढं बोलून ती हात जोडायला गेली, पण भुरीबाई तिच्याकडे बघत नव्हती. तिने पितळी उचलली, बाहेर नेली आणि कुडाबाहेर उपडी केली. तिथे टिपायला येणारं आता काही उरलं नव्हतं. परत येऊन तिने डबा उचलला, तोही उपडा केला, बोट घालून कडा खरवडल्या. रडणं तिला अजून सुचलं नव्हतं.

"उशीर नका करू," नमन म्हणाला. "डॉक्टर वाट देखी ऱ्हायनात. खाले जीप उभी शे."

पोरीला घेऊन उतार भुरीबाईला झेपणार नव्हता, आणि खात्या सकाळपासून चालत होता. रक्षा गोधडीपाशी वाकली. पोर इतकी हलकी होती की तिने जोर लावला तो वाया गेला. तिने तिला छातीशी धरलं, डोकं सावरायला हात गालाखाली घातला. लापशीची पितळी धरलेला तोच हात.

दीपमालाने डोळे उघडले नाहीत. वास आला तसं तिने फक्त तोंड उघडलं.